रोममधला काटकसरीचा मुक्काम: आधी वस्ती, मग खोली

रोममध्ये हॉटेल शोधताना बहुतेक जण संकेतस्थळावर तारखा टाकतात, दर चढत्या क्रमाने लावतात आणि वरच्या पाच-सहा नावांतून एक निवडतात. या पद्धतीने खोली स्वस्त मिळते, पण मुक्काम स्वस्तात होईलच असे नाही. शहराचा पर्यटक-कर, विमानतळापासूनचा प्रवास, रोजची ये-जा आणि न्याहारी हे सारे खर्च खोलीच्या दराबाहेर राहतात. त्या सर्वांहून मोलाचा असतो वेळ, कारण विमानभाडे, व्हिसा आणि रजा यांची किंमत मोजूनच आपण तिथे पोहोचलेलो असतो. म्हणून आधी महिना, मग वस्ती, मग इमारत आणि खोली ठरवावी; दरांची तुलना सर्वांत शेवटी, समान दर्जाच्या दोन-तीन पर्यायांतच करावी.

कोणत्या महिन्यात जावे

महाराष्ट्रातील कुटुंबे शाळांच्या सुट्टीमुळे प्रामुख्याने मे महिन्यात युरोपला जातात आणि रोममध्ये नेमका हाच काळ महागाईचा असतो. ईस्टरच्या आठवड्यापासून जूनअखेरपर्यंत आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दर चढलेले असतात. १ नोव्हेंबरची सर्व संतांच्या सणाची सुट्टी सरली की ते उतरू लागतात आणि नाताळ व नववर्षाचे दिवस सोडले, तर फेब्रुवारीअखेरपर्यंत उतरलेलेच राहतात. मे महिन्यातील खोली या काळात निम्म्या दराच्या आसपास मिळणे अशक्य नसते. ज्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरात येते, त्या वर्षी ही सुट्टी रोमसाठी फार सोयीची ठरते. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे शाळेची सुट्टी आणि रोमचा स्वस्त हंगाम एकमेकांना लागून येतात.

या स्वस्ताईची एक बाजू आधीच जाणून घ्यावी. नोव्हेंबर हा रोममधील अधिक पावसाच्या महिन्यांपैकी एक आहे, डिसेंबरात सूर्य दुपारी पावणेपाचच्या आधीच मावळतो आणि हिवाळ्यात कोलोसियम साडेचारला बंद होते. दिवस लहान असल्याने सकाळी लवकर बाहेर पडणे भाग पडते आणि त्यामुळे मुक्कामाच्या जागेचे महत्त्व आणखी वाढते. ऑगस्टमध्येही दर मे महिन्यापेक्षा कमी असतात. मात्र तेव्हा उन्हाचा तडाखा असतो आणि १५ ऑगस्टच्या फेर्रागोस्तो सणाच्या आगेमागे अनेक स्थानिक खाणावळी बंद असतात. पर्याय असेल तर मी ऑगस्टऐवजी फेब्रुवारी निवडण्याचा सल्ला देईन.

तारखा ठरवताना महिन्याचा पहिला रविवार मुक्कामात बसतो का, हेही पाहावे. त्या दिवशी कोलोसियमसह सरकारी संग्रहालये व पुरातत्त्वीय स्थळे यांत प्रवेश विनामूल्य असतो. कोलोसियमचे साधे तिकीट १८ युरोचे आहे. तेवढी रक्कम माणशी वाचते, पण गर्दी मोठी असते आणि ज्येष्ठांना रांगेचा त्रास होतो.

व्हिसा आणि आरक्षण यांची सांगड

भारतीय पारपत्रधारकाला शेंगेन व्हिसासाठी (इटलीसह अनेक युरोपीय देशांचा सामाईक व्हिसा) प्रत्येक रात्रीच्या निवासाचा पुरावा द्यावा लागतो, त्यामुळे खोलीचे आरक्षण व्हिसाच्या आधीच करणे ओघाने येते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी तो दाखल झालेला असावा लागतो. प्रौढांसाठी व्हिसाशुल्क ९० युरो आहे आणि किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवासविमा आवश्यक असतो. अशा स्थितीत परतावा न मिळणारी खोली केवळ दहा टक्के स्वस्त दिसते म्हणून घेणे धोक्याचे आहे. व्हिसा नाकारला गेला किंवा उशिरा आला, तर सगळीच रक्कम बुडते.

अर्जाच्या वेळी विनाशुल्क रद्द करता येईल असेच आरक्षण करावे, सर्व प्रवाशांची नावे पारपत्राप्रमाणे त्यात येतील हे पाहावे आणि रद्द करण्याची अंतिम तारीख स्थानिक वेळेनुसार टिपून ठेवावी. व्हिसा हाती आल्यावर त्याच वस्तीतील दर पुन्हा पाहावेत. हिवाळी हंगामात दर पुष्कळदा घसरलेले असतात आणि तेव्हा त्याच हॉटेलला थेट पत्र लिहून विचारले, तर संकेतस्थळाचे कमिशन वाचत असल्याने काही लहान हॉटेले थोडी सूट देतात किंवा न्याहारी देऊ करतात. मात्र अर्ज विचाराधीन असताना आरक्षण रद्द करून अर्जातील कागदपत्रे खोटी पाडू नयेत.

वस्ती निवडताना

रोमचे खरे देणे रस्त्यावर आहे आणि ते पहाटे व रात्री मिळते. त्रेव्हीचे कारंजे, पियाझ्झा नाव्होना आणि पँथिऑनसमोरचा चौक सकाळी सातच्या आधी जवळजवळ मोकळे असतात. दहा वाजता तिथे उभे राहायला जागा नसते. ज्याचे हॉटेल चालत जाण्याच्या अंतरावर आहे किंवा मेट्रोच्या दोन-चार थांब्यांवर आहे, त्यालाच हे रोम दिसते. म्हणून कमी खर्चाच्या मुक्कामातही जागेबाबत फार तडजोड करू नये. खोली लहान असली तरी चालेल, पण ती शहराच्या आत असावी.

पहिला विचार तेर्मिनी स्थानकाच्या परिसराचा होतो आणि तो योग्यच आहे. मेट्रोच्या ए आणि बी या दोन्ही मार्गिका येथे एकमेकींना छेदतात, विमानतळाची गाडी येथेच येते आणि कोलोसियम बी मार्गिकेवर दोन थांब्यांवर किंवा चालत वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. स्थानकाच्या ईशान्येला, कास्त्रो प्रेतोरियोच्या दिशेने, सरळ आखलेल्या रस्त्यांवर लहान हॉटेलांची आणि वसतिगृहांची दाटी आहे. नैर्ऋत्येला एस्क्विलिनोचा भाग लागतो. तो अधिक गजबजलेला आणि बहुवांशिक आहे. स्थानकाला अगदी खेटून असलेल्या रस्त्यांवर, विशेषतः व्हिया जोलित्तीच्या बाजूला, रात्री उशिरा वातावरण सुखद नसते आणि स्थानकात खिसेकापूंपासून सावध राहावे लागते. म्हणून त्याच परिसरात पण स्थानकापासून पाच-सात मिनिटे दूर, सांता मारिया माज्जोरे या ख्रिस्ती महामंदिराच्या किंवा पियाझ्झा व्हित्तोरियोच्या आसपास जागा मिळाल्यास ती घ्यावी.

आईवडील सोबत असतील तर मी प्राती सुचवेन. व्हॅटिकनला लागून असलेली ही वस्ती रुंद पदपथांची, रात्री शांत आणि सपाट आहे. मेट्रोचे ओत्ताव्हियानो आणि लेपांतो हे थांबे तिथे आहेत. दर तेर्मिनीपेक्षा थोडे अधिक असतात, पण संत पीटरच्या महामंदिरात सकाळी सातच्या सुमारास, सुरक्षा-तपासणीची लांब रांग लागण्याआधी चालत जाता येते आणि तिथे प्रवेशशुल्क नाही.

त्रास्तेवेरेचे नाव सर्वांनी ऐकलेले असते. तिथल्या गल्ल्या अतिशय सुंदर आहेत. परंतु मेट्रो नाही, ८ क्रमांकाच्या ट्रामवर आणि बसवर अवलंबून राहावे लागते आणि रात्री एक-दीडपर्यंत खिडकीखाली गोंगाट चालतो. संध्याकाळी तिथे जावे, झोपायला दुसरीकडे यावे. सान लोरेंझो या विद्यार्थ्यांच्या वस्तीलाही गोंगाटाचे हेच कारण लागू होते. मोंती मध्यवर्ती आणि देखणे आहे, पण कमी खर्चात बसणे कठीण.

ज्या भागाकडे आपले प्रवासी फारसे वळत नाहीत आणि ज्याची शिफारस मी मनापासून करतो, तो म्हणजे पिरामिदे स्थानकाभोवतीचा तेस्ताच्चो आणि ओस्तिएन्सेचा परिसर. इसवीसनपूर्व पहिल्या शतकातील केस्तियसचा पिरॅमिड येथे रस्त्याच्या कडेलाच उभा आहे. बी मार्गिकेने कोलोसियम दोनच थांब्यांवर येते आणि विमानतळाहून येणारी एफएल-१ ही साधी गाडी ओस्तिएन्से स्थानकावर थांबते. तेस्ताच्चोच्या मंडईत स्थानिक लोक रोजची खरेदी करतात, त्यामुळे खाण्याचे दरही पर्यटकांसाठी फुगवलेले नसतात. ए मार्गिकेवरील सान जोव्हान्नी आणि रे दी रोमा हे भागही असेच घरगुती वळणाचे आणि परवडणारे आहेत.

आता शहराबाहेरच्या स्वस्त हॉटेलांविषयी. रोमभोवतीच्या ६८ किलोमीटर लांबीच्या वर्तुळाकार महामार्गालगत प्रशस्त खोल्यांची अनेक हॉटेले आहेत आणि त्यांच्या नावात रोम असतेच. समजा, तिथली खोली ६५ युरोंना आणि पिरामिदेजवळची ९५ युरोंना मिळते. पाच रात्रींत १५० युरो वाचले असे दिसते. दोघांनी रोज एकदा जाऊन-येऊन केले, तर दीड युरोच्या तिकिटांवर ३० युरो जातात. दुपारी विश्रांतीला परत यायचे ठरवले तर ६०. एखाद्या रात्री मेट्रो चुकली की टॅक्सी आलीच, कारण मेट्रो साधारणतः रात्री साडेअकरापर्यंत, आणि शुक्रवार-शनिवारी दीडपर्यंत धावते. एवढे करूनही काही रक्कम शिल्लक राहील, हे खरे. पण बस आणि मेट्रो मिळून एका बाजूला तासभर धरला, तर पाच दिवसांत दहा तास, म्हणजे हिवाळ्यातला एक अख्खा दिवस, प्रवासात जातो. पाच दिवसांतला एक दिवस शंभर युरोंना विकण्यासारखा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

इमारत आणि खोली

१८७० नंतर रोम एकसंध इटलीची राजधानी होऊ लागले, तेव्हा एस्क्विलिनो, कास्त्रो प्रेतोरियो आणि प्राती या भागांत पाच-सहा मजली निवासी इमारती उभ्या राहिल्या. आजची बहुतेक स्वस्त हॉटेले व अतिथिगृहे याच इमारतींत आहेत आणि मुंबईच्या फोर्ट भागात एकाच इमारतीच्या निरनिराळ्या मजल्यांवर वेगवेगळी लॉज असतात, तशीच तिथे त्यांची रचना असते. छत उंच, भिंती जाड, लिफ्ट मात्र दोन माणसे आणि एक बॅग मावेल इतकीच, आणि काही ठिकाणी तीही नसते. खोली कितव्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट तिथपर्यंत जाते का, हे लेखी विचारावे. काही लिफ्ट एक मजला अलीकडेच थांबतात.

अशा अतिथिगृहात चोवीस तास कोणी बसलेले नसते. विमान रात्री उतरणार असेल, तर उशिरा येणाऱ्यांकडून जादा आकार घेतात का आणि किल्ली कोण देणार, हे आधी ठरवून घ्यावे. रस्त्याकडची खोली हवेशीर पण गोंगाटाची, आतल्या चौकाकडची अंधारी पण शांत असते. झोप हलकी असेल तर चौकाकडची मागावी. आरक्षणात ‘मात्रिमोनियाले’ म्हणजे एकच मोठा पलंग आणि ‘दोप्पिया’ म्हणजे बहुधा दोन वेगळे पलंग, हे लक्षात ठेवावे. दोघी मैत्रिणी किंवा बाप-लेक जात असतील, तर हा तपशील आरक्षणाच्या वेळीच लिहून कळवावा. ‘स्वतंत्र स्नानगृह’ असे लिहिलेले असले, तरी ते खोलीच्या बाहेर, बोळाच्या टोकाला असू शकते. तसे असल्यास वर्णनात ‘एस्तेर्नो’ हा शब्द असतो. शौचालयाशेजारी बिदे, म्हणजे पाण्याने धुण्यासाठीचे बसके भांडे, बहुतेक ठिकाणी असते, त्यामुळे पाण्याची सवय असलेल्या आपल्या लोकांची युरोपातील नेहमीची अडचण इटलीत बरीच कमी होते.

हिवाळ्यात जाणाऱ्यांनी तापनव्यवस्थेची चौकशी अवश्य करावी. रोममध्ये इमारतींचे तापन साधारणतः १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात आणि दिवसातून कमाल १२ तास चालवण्याचा नियम आहे. ऑक्टोबरअखेर थंडी पडली तरी उष्णता मिळेलच असे नाही, म्हणून जादा पांघरुण आहे का ते विचारावे. उन्हाळ्यात वातानुकूलनाचे वेगळे पैसे घेतात का, हेही पाहावे. चहाची किटली इटलीतल्या स्वस्त खोल्यांत क्वचितच असते. स्वतःची न्यायची असेल तर ती वापरण्याची परवानगी विचारून घ्यावी. भारतातील दोन गोल पिनांचा प्लग तिथे बहुधा बसतो, तीन पिनांचा मात्र बसत नाही.

जागा अधिकृत आहे की नाही, हे तपासण्याचा एक सोपा उपाय आहे. १ जानेवारी २०२५ पासून इटलीत पर्यटकांना राहायला देणाऱ्या प्रत्येक जागेने राष्ट्रीय ओळख-संकेतांक जाहिरातीत आणि इमारतीबाहेर दाखवणे बंधनकारक झाले आहे. हा संकेतांक ‘आयटी’ या दोन अक्षरांनी सुरू होतो आणि पुढचे सहा अंक नगरपालिकेचे असतात. रोमचे अंक ०५८०९१ आहेत. जाहिरातीत संकेतांकच नसेल, तर तिथे आगाऊ पैसे भरू नयेत. अंक वेगळे असतील, तर ते हॉटेल नावात रोम मिरवत असले तरी रोमच्या हद्दीत नाही.

मठांतील निवास

रोममधील अनेक धर्मसंस्था आपल्या मठांचा काही भाग प्रवाशांना भाड्याने देतात. ‘कासा पेर फेरिए’ या नावाने ओळखली जाणारी ही निवासस्थाने बहुधा ख्रिस्ती जोगिणी (नन) चालवतात. कोणत्याही धर्माच्या माणसाला तिथे राहता येते. खोल्या साध्या, एकेरी पलंगांच्या आणि अतिशय स्वच्छ असतात, आत बाग किंवा चौक असतो आणि जागा अनेकदा व्हॅटिकनजवळ किंवा शहराच्या जुन्या भागात, एरवी आपल्याला न परवडणाऱ्या ठिकाणी असते. बहुतेक ठिकाणी रात्री अकरा-बाराला दार बंद होते आणि ती वेळ काटेकोरपणे पाळली जाते. एकट्या प्रवास करणाऱ्या स्त्रीसाठी आणि ज्येष्ठांसाठी याहून निर्धास्त जागा मला सुचवता येणार नाही. मोठ्या संकेतस्थळांवर ही निवासस्थाने सगळीच नसतात. ईमेल करून दोन-तीन महिने आधी विचारावे लागते.

कर आणि पैसे

रोमचा पर्यटक-कर माणशी, दर रात्री आकारला जातो आणि तो बहुधा खोलीच्या दरात धरलेला नसतो. ऑक्टोबर २०२३ पासून एक-तारांकित हॉटेलात ४ युरो, दोन-तारांकित हॉटेलात ५ आणि तीन-तारांकित हॉटेलात ६ युरो असा दर आहे. सलग दहा रात्रींपर्यंतच तो लागतो आणि दहा वर्षांखालील मुलांना माफ असतो. तीन-तारांकित हॉटेलात दोघांचे पाच रात्रींचे ६० युरो झाले, म्हणजे एका रात्रीच्या भाड्याच्या अर्ध्याहून अधिक. घरगुती अतिथिगृहात हा कर लागत नाही असा समज आहे, तो चुकीचा आहे. कर भरल्याची पावती मागून घ्यावी. कार्डाने पैसे देताना यंत्राने रुपयांत रक्कम दाखवली, तर ती नाकारून युरोंतच व्यवहार करावा. रुपयांतल्या रूपांतराचा दर नेहमी आपल्या तोट्याचा असतो.

न्याहारी आणि शाकाहार

न्याहारीसह दर माणशी आठ-दहा युरोंनी जास्त असेल, तर ती सोडून द्यावी. रोमकर कोपऱ्यावरच्या बारमध्ये उभ्यानेच कापुचिनो कॉफी आणि कोर्नेत्तो हा चंद्रकोरीच्या आकाराचा गोडसर पाव घेतात. दोन्ही मिळून तीन युरोंच्या आसपास लागतात. टेबलाशी बसल्यास दर वाढतो. कोर्नेत्तोमध्ये अंडे असते, हे कडक शाकाहारी मंडळींनी लक्षात घ्यावे. वजनावर मिळणारा चौकोनी पिझ्झा हा दुपारच्या जेवणाचा उत्तम आणि स्वस्त मार्ग आहे; त्यातल्या मारिनारा या टोमॅटोच्या पिझ्झामध्ये चीजही नसते.

चार-पाच जणांचे कुटुंब असेल, तर स्वयंपाकघर असलेली जागा घेणे फायद्याचे ठरते आणि तशी जागा एस्क्विलिनोत मिळाली तर दुधात साखर. पियाझ्झा व्हित्तोरियोजवळच्या एस्क्विलिनो मंडईत कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, भेंडी, डाळी आणि मसाले सहज मिळतात, कारण या भागात दक्षिण आशियाई लोकांची मोठी वस्ती आहे. मंडई रविवारी बंद असते. पिण्याचे पाणी विकत घेण्याची गरज नाही. शहरात ‘नासोनी’ म्हणून ओळखले जाणारे सुमारे अडीच हजार लोखंडी नळ अखंड वाहत असतात आणि त्यांचे पाणी शुद्ध असते.

पोहोचणे आणि निघणे

फियुमिचिनो विमानतळावरून लिओनार्दो एक्सप्रेस ३२ मिनिटांत थेट तेर्मिनीला येते, तिकीट १४ युरो. एफएल-१ गाडीचे तिकीट ८ युरो असून ती त्रास्तेवेरे, ओस्तिएन्से आणि तिबुर्तिना येथे थांबते, तेर्मिनीला जात नाही. बस सर्वांत स्वस्त, पण वाहतुकीवर अवलंबून असते. चौघे जण असतील तर वेगळा हिशेब करावा: एक्सप्रेसची साधी चार तिकिटे ५६ युरोंची होतात, तर प्राचीन ऑरेलियन तटबंदीच्या आतल्या कोणत्याही पत्त्यासाठी अधिकृत पांढऱ्या टॅक्सीचे ठरलेले भाडे सामानासह ५५ युरो आहे आणि ती दारात सोडते. विमानतळाच्या आत येऊन टॅक्सी विचारणाऱ्यांबरोबर जाऊ नये. शहरात फिरण्यासाठी दीड युरोचे तिकीट १०० मिनिटे चालते, मात्र त्यावर मेट्रोचा प्रवास एकदाच करता येतो.

जुन्या रोमचे रस्ते काळ्या बसाल्टच्या चौकोनी दगडांचे आहेत. लहान चाकांच्या जड बॅगा त्यांवरून ओढणे फार कष्टाचे असते. स्थानकापासून हॉटेल दहा मिनिटांवर आहे असे नकाशा सांगतो, तेव्हा ते अंतर सामानासह वीस मिनिटांचे धरावे. खोली बहुधा दुपारी दोननंतर मिळते आणि सकाळी दहा-अकराला सोडावी लागते, परंतु बहुतेक हॉटेले आधी व नंतरही सामान विनामूल्य ठेवून घेतात. अतिथिगृहात ती सोय आहे का, हे आरक्षणापूर्वीच विचारावे, कारण स्थानकावर सामान ठेवण्याचे पैसे तासांप्रमाणे वाढत जातात. परतीचे विमान सकाळी असेल, तर तेर्मिनीहून पहिली एक्सप्रेस साधारण पाचच्या सुमारास निघते. त्या वेळी अतिथिगृहात किल्ली कुठे ठेवायची, हे आदल्या संध्याकाळी मालकाशी बोलून ठरवावे आणि उरलेला कर तेव्हाच चुकता करावा.